उजवीकडे वळलेला चेहरा

१

कॉलेज सुटून चौदा वर्षं झाली तरी तिघांची टोपणनावं काही सुटली नव्हती. सगळ्यांना हुकूम सोडते म्हणून एक कलेक्टर, दाराच्या चौकटीला कपाळ आपटतं म्हणून दुसरा लांबू, आणि कुणाचंही लांबलेलं बोलणं मधेच तोडते म्हणून तिसरी कात्री. पुढे कात्री खरोखरच व्हिडिओ एडिट करण्याच्या धंद्याला लागली, तेव्हा नाव ठेवणाऱ्या कलेक्टरनं त्याचंही श्रेय स्वतःकडे घेतलं होतं.

दरवर्षी मिळून एक छोटा माहितीपट करायचा, असं तिघांनी ठरवलं होतं. ठरवल्यापासून सहा वर्षं गेली आणि एकही झाला नव्हता. कलेक्टर विम्याच्या कचेरीत अडकलेली, लांबू लोकांचे पासपोर्टचे फोटो काढण्यात, आणि कात्री इतरांच्या लग्नांमध्ये. या वर्षी मात्र कलेक्टरनं कुणाला न विचारता एका स्पर्धेत तिघांची नावं घालून टाकली. विषय मंगळवारी सकाळी कळणार आणि सात मिनिटांची फिल्म शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायची. सहा म्हणजे सहा, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

मंगळवारी विषय आला: हात.

आता नेमका याच वेळी कात्रीचा पाय प्लास्टरमध्ये होता. एक पायरी उरलेली असताना जिना संपला असं समजून तिनं बिनधास्त पाऊल टाकलं होतं आणि घोट्याचं हाड मोडून घेतलं होतं. पाय टेकवायला अजून तीन आठवडे बंदी होती.

"मग काय झालं?" फोनवर कलेक्टर म्हणाली. "कापायला पाय कशाला लागतो? तू घरी बस, आम्ही माल आणून देतो."

घरी बसणं कात्रीला नवीन नव्हतं. ती आणि तिची थोरली बहीण अशा दोघीच राहायच्या. ताई औषधांच्या दुकानात कामाला होती. ती सकाळी नऊला जाई आणि संध्याकाळी सातला येई. मधले दहा तास कात्री, तिचा संगणक आणि उजव्या हाताची रस्त्यावरची खिडकी. तिसरा मजला असल्यामुळे रस्ता दिसायचा कमी आणि ऐकू यायचा जास्त.

२

बुधवारी संध्याकाळी लांबू धापा टाकत तीन जिने चढून आला आणि त्यानं डिस्क तिच्या हातात ठेवली.

"काय माणूस शोधलाय कलेक्टरनं," तो म्हणाला. "वेताच्या खुर्च्या विणतात आजोबा. डोळे नाहीत. पन्नास वर्षं नुसत्या बोटांवर काम चाललंय. महिनाअखेर कारखाना बंद होतोय, त्याचंही त्यांना विशेष वाटत नाही. बघच तू."

गुरुवारी सकाळी ताई गेल्यावर कात्रीनं पाय स्टुलावर टाकला, हेडफोन चढवला आणि पहिली फाइल उघडली.

एक लांबट खोली. छताच्या आकड्यांना खुर्च्यांचे सांगाडे टांगलेले. खाली बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. मधोमध बुटक्या बाकावर आजोबा, मांडीवर एक बिनबैठकीची खुर्ची, आणि तिच्यावर फिरणारी दहा बोटं. बोटं अशी फिरत होती की कात्री दोन मिनिटं चेहऱ्याकडे बघायलाच विसरली. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला कलेक्टर बसली होती. ती फ्रेममध्ये नव्हती, पण तिचा आवाज तिथून येत होता. उजव्या बाजूला खिडकी होती. ती दिसत नव्हती, नुसता तिचा उजेड आजोबांच्या गालावर पडलेला होता.

आंधळ्या माणसाचं एक असतं, जिकडून आवाज येईल तिकडे तो चेहरा वळवतो. कलेक्टरनं विचारलं, "आजोबा, हे काम कुणाकडून शिकलात?" आजोबांनी डावीकडे मान वळवून उत्तर दिलं. "पहिली खुर्ची आठवते?" पुन्हा डावीकडे. सगळं जिथल्या तिथं होतं.

अकराव्या मिनिटाला आजोबांनी उजवीकडे मान वळवली.

बोटं थांबली. भुवया किंचित वर गेल्या, कुणी हळू बोलत असलं की जातात तशा. मग ते शांतपणे म्हणाले, "नाही, दिसत होतं तेव्हा हातांकडे कधी लक्षच गेलं नाही. ते माझे आहेत असंही वाटायचं नाही."

इतकं म्हणून ते पुन्हा विणायला लागले. मग डावीकडून कलेक्टरचा आवाज आला, "आजोबा, दिवसाला किती खुर्च्या होतात?"

कात्रीनं फाइल मागे नेली. उजवीकडच्या त्या उत्तराआधी कुणीच काही विचारलं नव्हतं.

वाक्य मात्र असं होतं की त्यावर अख्खी फिल्म उभी राहिली असती. तिनं ते टाइमलाइनवर सर्वात वर ठेवलं. म्हातारी माणसं स्वतःशी बोलतात, आणि लांबट खोलीत आवाज भिंतीवर आपटून भलतीकडूनच येतो. एवढं स्वतःला सांगून ती पुढे गेली.

३

बुधवारच्या तीन तासांच्या चित्रणात आजोबा नऊ वेळा उजवीकडे वळले होते.

कात्रीनं ते नऊ तुकडे वेगळे काढून ओळीनं लावले. असं करायला नको होतं, असं तिला नंतर वाटलं. विखुरलेले असताना ते एका म्हाताऱ्याचं पुटपुटणं होते. एकापुढे एक लावल्यावर ती सरळसरळ मुलाखत झाली. आधी शांतता, मग भुवया वर, मग उत्तर. पुन्हा शांतता, आणि प्रत्येक शांतता बरोबर एका प्रश्नाएवढी लांब.

"हो, एकदा. बोट कापलं होतं, रक्त किती गेलं ते कळलंच नाही. वेत ओला का झाला म्हणून मी त्यालाच शिव्या घालत होतो."

"भीती? भीती रिकाम्या खोलीची नाही वाटत. भरलेल्या खोलीत सगळे गप्प बसले की वाटते."

आठवा तुकडा सर्वात लांब होता. त्यात आजोबांनी मांडीवरची खुर्ची खाली ठेवली होती.

"ते नको करायला होतं मी," ते म्हणाले. "बायको गेली तेव्हा तिची खुर्ची होती घरात. बैठक सैल झाली होती. मी उसवली नि नवी विणून काढली. चांगली घट्ट. रात्री हात फिरवला तेव्हा कळलं की ती बसून बसून जो खळगा पडला होता, तो मी काढून टाकला. तिच्या वजनाचं तेवढंच उरलं होतं माझ्याकडे. आता नुसती खुर्ची आहे."

कात्रीनं हेडफोन काढला आणि थोडा वेळ खिडकीतून येणारी रहदारी ऐकत बसली. मग तिनं कलेक्टरला फोन लावला.

"बायकोच्या खुर्चीचं तू कसं काढून घेतलंस त्यांच्याकडून?"

"कसली खुर्ची?"

"अगं, आठव्या... म्हणजे ते रडायला आले होते जवळजवळ."

"ते होय! मी काही काढलं बिढलं नाही बाई. मी पुढचे प्रश्न बघत होते कागदावर. ते आपले मधेमधे बोलायचे, लांबूला म्हटलं चालू राहू दे. चांगलं आलंय ना?"

"फार चांगलं आलंय."

"मग रडतेस कशाला? आज दुसरा दिवस उरकतो नि संध्याकाळी पाठवते."

"कलेक्टर, तुझ्यासमोर कोण बसलं होतं? खिडकीकडे?"

"खिडकीकडे बसायला जागा आहे का तिथे? खुर्च्यांचा ढीग आहे. चल, ठेवते, आजोबा आले."

४

एडिट करणाऱ्या माणसाला डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भरवसा असतो. दुपारी कात्रीनं चित्र बंद केलं आणि नुसते आवाज ऐकायला घेतले. आवाज दोन होते. एक आजोबांच्या कॉलरला लावलेल्या छोट्या माइकचा आणि दुसरा कॅमेऱ्यावरच्या माइकचा.

आठव्या तुकड्याआधीची शांतता तिनं दहा वेळा ऐकली. आवाज वाढवून ऐकली, पंख्याची घरघर काढून टाकून ऐकली. शब्द नव्हता, कुजबूज नव्हती, श्वासही नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती पाण्याची बाटली उचलणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की ती भलतंच शोधत होती. काय आहे ते बघायच्या ऐवजी काय कमी झालंय ते बघायला हवं होतं.

खिडकीतून रस्त्याचा आवाज सारखा येत होता. गाड्या, हॉर्न, कुठेतरी ओढलं जाणारं लोखंडी शटर. आजोबा उजवीकडे वळण्याच्या किंचित आधी तो आवाज दबायचा. बंद व्हायचा नाही, मऊ व्हायचा. उत्तर झालं की पुन्हा पूर्वीसारखा मोकळा. नऊच्या नऊ वेळा.

हा आवाज कात्रीच्या ओळखीचा होता. लग्नाच्या चित्रणात तो शंभरदा येतो आणि तिला शंभरदा शिव्या द्यायला लावतो. माइक आणि आवाज यांच्या मधे कुणी येऊन उभं राहिलं की असं होतं.

रस्त्यावर मोठी गाडी थांबली असेल, असं तिनं ठरवलं. नऊ वेळा? थांबली असेल. तिथे थांबाच असेल एखादा. आपण बावीस दिवस घरात कोंडलेलो आहोत, गोळ्या चालू आहेत, आणि परवा सहाच्या आत फिल्म द्यायची आहे. एवढी तीन कारणं पुरेत.

तरी तिनं हात लांबवून आपली खिडकी बंद केली. मग उकडायला लागलं म्हणून पुन्हा उघडली.

५

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला फोन वाजला. लांबू होता.

"कात्रे, जरा हसू नकोस. तुझं घर कुठलं?"

"काय?"

"मी चौकात उभा आहे, डिस्क घेऊन. इथपर्यंत आलो. पुढे काही... कुठे वळायचं तेच येईना."

"अरे, कालच आला होतास!"

"काल आलो होतो ते आठवतंय. तुझं टेबल आठवतंय, ताईंचा चहा आठवतोय. घर कुठे आहे तेवढंच नाही आठवत. पाटी पुसल्यासारखं झालंय बघ."

अकरा वर्षं तो या घरी येत होता. तिच्या संगणकाचं सगळं सामान तीन मजले त्यानंच वर चढवलं होतं, आणि जिन्याला नावं ठेवत चढवलं होतं. कात्रीनं त्याला फोनवर एकेक वळण सांगितलं. वर आला तेव्हा तो जिन्याकडे पहिल्यांदाच बघावं तसा बघत आला होता, असं दार उघडणारी ताई म्हणाली.

"झोप नाही रे दोन दिवस तुम्हाला," ताईनं त्याच्या हातात चहा दिला. "असं होतं. मी एकदा दुकानात उभी राहून आमच्या मालकांचं आडनाव विसरले होते."

सगळे हसले. लांबूही हसला. मग त्यानं खिशातून कागद काढून पत्ता लिहून घेतला, घडी घालून पाकिटात ठेवला आणि जाताना ते पाकीट दोनदा चाचपलं.

६

शुक्रवारी सकाळी दुसऱ्या दिवसाचं चित्रण तिनं अगदी कामापुरतं बघायचं ठरवलं. हातांचे जवळचे शॉट हवे होते, दारावरची गंजलेली कडी हवी होती. मुलाखत पुरेशी होती. पण हातांच्या शॉटमध्येही आवाज असतोच.

चाळिसाव्या मिनिटाला फ्रेममध्ये नुसती बोटं होती. रस्ता दबला. बोटं थांबली.

"तिघं आहेत ते," आजोबांचा आवाज आला. "इथे दोघंच येतात. तिसरी घरी असते. पाय मोडलाय म्हणे."

कात्री खुर्चीत ताठ झाली. कलेक्टरनं सांगितलं असणार. कलेक्टरच्या तोंडाला कुलूप कधी होतं? पहिल्या भेटीत तिनं आपली, लांबूची, सगळ्यांची कुंडली मांडली असणार.

"ती ऐकते सगळं," आजोबा पुढे म्हणाले. "तिचं कामच ते." मग शांतता. "मला काय ठाऊक कुठे राहते? त्यांना विचार."

पुन्हा शांतता. रस्ता अजून दबलेलाच. आणि मग माइकच्या अगदी जवळून, कॅमेऱ्यामागून, लांबूचा आवाज आला. कामात गुंतलेला माणूस न बघता बोलतो तसा, अर्धवट.

"चौकातून डावीकडे, पाण्याच्या टाकीसमोर. तिसरा मजला."

कात्रीनं तिथेच फाइल थांबवली. तिनं लांबूला फोन लावला.

"काल तू माझा पत्ता कुणाला सांगितलास?"

"मी? कुणाला? कलेक्टरनं विचारला असेल."

"कलेक्टर तेव्हा बाहेर फोनवर होती. तिचा आवाज लांबून येतोय अंगणातून. तिच्या साहेबांशी बोलतेय."



"कुणीतरी विचारलं गं," लांबू म्हणाला. "मी फोकस धरून होतो. अशा वेळी मान वर करून कोण बघतं, कोण विचारतंय ते? विचारलं की सांगतो आपण." मग जरा थांबून, "बाईचा आवाज होता. आपलेपणानं विचारलं, म्हणून सांगितलं."

७

आजोबांचा नंबर कलेक्टरनं दिला. दुपारी दोनला कात्रीनं फोन लावला आणि आपण कोण ते सांगितलं. फोनमध्ये बादलीत पाणी हलल्याचा आवाज येत होता, म्हणजे ते कामावरच होते.

"बोल बाळ. पाय काय म्हणतोय?"

"बरा आहे आजोबा. एक विचारायचं होतं. तुमची मुलाखत किती जण घेत होते?"

"दोघी ना? एक ती मोठ्यानं बोलणारी. नि एक खिडकीजवळची, हळू बोलणारी."

कात्रीनं डोळे मिटून घेतले. "खिडकीजवळची आमच्यातली नव्हती, आजोबा."

"असं होय?" त्यांना फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "मला वाटलं तुमचीच. फार चांगलं विचारते पण. तुमची ती मोठी बाई दिवसाला किती खुर्च्या, किती वर्षं, असलं विचारते. ही नेमकं विचारते. सांगून टाकलं की कसं हलकं वाटतं."

"काय काय विचारलं तिनं?"

"ते..." पाण्याचा आवाज थांबला. "ते असंच काहीबाही. आता सांगता येणार नाही."

"बायकोच्या खुर्चीचं तुम्ही सांगितलंत ना तिला?"

"कुठल्या खुर्चीचं?"

कात्रीनं न राहवून फोन स्पीकरजवळ धरला आणि आठवा तुकडा लावला. पहिल्या शब्दापासून 'आता नुसती खुर्ची आहे' इथपर्यंत. आजोबांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"बिचारा," तुकडा संपल्यावर ते म्हणाले. "कोण आहे हा?"

आपलाच आवाज यंत्रातून ऐकला की पुष्कळांना ओळखू येत नाही. कात्रीला हे पक्कं माहीत होतं. तिनं हे कितीतरी गिऱ्हाइकांना हसत हसत सांगितलंही होतं.

"आहे एक जण," ती म्हणाली. "आजोबा, ती अजून येते?"

"नाही. तुमची माणसं गेली, त्यांच्यामागोमाग तीही गेली." मग ते जरा हिरमुसल्यासारखे म्हणाले, "आज मी दोनदा मान वळवली. कुणी नव्हतं."

८

शनिवार उजाडला. आठवा तुकडा ठेवायचा की काढायचा, यावर कात्रीनं सकाळचे दोन तास घालवले. कलेक्टर फोनवर किंचाळली, "काढलास तर जिना चढून येईन नि दुसरा पाय मोडीन!" पण कात्रीनं तो ठेवला तो कलेक्टरला भिऊन नव्हे. ती खुर्ची आता आजोबांच्या घरात होती, पण आजोबांपाशी नव्हती. आता ती फक्त या फाइलमध्ये होती. काढली असती तर कुठेच उरली नसती.

चारला आवाजांची जुळवाजुळव झाली, पाचला नावांची पाटी लागली. पाच वाजून वीस मिनिटांनी फिल्म स्पर्धेच्या साइटवर चढायला लागली. पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. बत्तीस टक्के. कात्री तिच्याकडे टक लावून बसली होती. हेडफोन गळ्यात होता.

रस्ता दबला.

तिला ते लगेच कळलं. गाड्या होत्या, पण उशीमागून आल्यासारख्या. उजव्या गालावरचं ऊन गेलं नव्हतं, पडदा हलला नव्हता. फक्त आवाज तिच्यापर्यंत नीट पोचत नव्हता.

"फोन किती वेळा वाजला?" कुणीतरी विचारलं.

अगदी साधा, मायेचा आवाज. शेजारच्या खुर्चीवर बसून भाजी निवडता निवडता विचारावं तसा. कात्रीचे ओठ उघडलेसुद्धा होते. तिनं दात ओठांवर रोवले आणि नजर निळ्या पट्टीवरून हलू दिली नाही.

दोन वर्षांपूर्वीची दुपार होती ती. आई दुसऱ्या गावी एकटी राहायची. कात्री या खुर्चीवर बसून कुणाच्या तरी लग्नाची फिल्म कापत होती, ती संध्याकाळी द्यायची होती. फोन वाजला. 'आई' अशी अक्षरं आली. नंतर करू म्हणून तिनं घेतला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा घेतला नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं फोन पालथा घातला. रात्री शेजाऱ्यांनी ताईला कळवलं. आई फोनजवळच सापडली होती. कात्रीनं त्या तीन फोनांच्या नोंदी पुसून टाकल्या आणि आजवर कुणाला, ताईलासुद्धा, त्याबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. विचारणार कोण?

"सांग ना," आवाज म्हणाला. घाई मुळीच नव्हती. "इतके दिवस एकटीच घेऊन बसलीस."

त्या क्षणी कात्रीला भीती वाटली, ती त्या आवाजाची नव्हे. सांगून टाकावं असं इतकं अनावर वाटलं, त्याची वाटली. सांगितलं की जाईल. हलकं वाटेल. आणि मग आईनं शेवटी तिलाच हाक मारली होती, तीन वेळा, हेही जाईल. ते जगात दुसऱ्या कुणाकडेही नव्हतं.

तिनं मान हलवली नाही. उत्तर दिलं नाही. एकाहत्तर टक्के. अठ्ठ्याऐंशी. पडद्यावर 'मिळाली' अशी अक्षरं आली आणि त्याच सुमारास खाली एक हॉर्न खणखणीत वाजला. रस्ता मोकळा झाला होता.

सहाला नऊ मिनिटं कमी होती. फोनमध्ये कलेक्टर आनंदानं ओरडत होती. कात्री हुं हुं करत राहिली. तिचं मनात ठरलं होतं. ताई आली की ताईला सांगायचं. आजच, पुन्हा कुणी विचारायच्या आत. सांगायचं तर आपल्या माणसाला सांगायचं. ताई रडेल, कदाचित आठ दिवस बोलणार नाही. पण ती गोष्ट घरात राहील.

९

ताई सातला आली. पिशव्या ठेवून सरळ स्वयंपाकघरात गेली.

"गेली का गं फिल्म?"

"गेली. ताई, इकडे ये ना. तुला एक सांगायचंय."

"आले आले. हात धुते, तू बोल. ऐकतेय मी."

स्वयंपाकघर पाठीमागे होतं. खुर्ची वळवायची तर पाय उचलायला हवा होता. आणि खरं सांगायचं तर पाठमोरं बोलणंच कात्रीला सोपं वाटत होतं. तिनं प्लास्टरवरच्या एका भेगेवर नजर ठेवली.

"आईचं आहे," ती म्हणाली. "आई गेली त्या दिवशीचं. मी कुणाला बोलले नाही."

"बरं."

"दुपारी तिचा फोन आला होता मला. मी कामात होते."

"मग?"

किती हळुवारपणे विचारलं ताईनं. कात्रीला वाटलं होतं ताई धावून येईल, खांदे गदागदा हलवेल.

"मग नाही घेतला. परत आला, तरी नाही घेतला."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा मी फोन पालथा घातला," कात्री म्हणाली, आणि मग तिला थांबताच येईना. आईचं नाव पडद्यावर कसं दिसत होतं, टेबलावर फोन कसा थरथरत सरकला, तेव्हा समोर कुणाची नवरी हसत होती, नोंदी पुसताना बोट कसं अडखळलं, सगळं ती सांगत गेली. मधे मधे "हं" ऐकू येत होतं, "मग?" ऐकू येत होतं. दोन वर्षांत इतकं कुणी तिचं ऐकून घेतलं नव्हतं. सांगता सांगता छातीवरचा दगड कुणी अलगद उचलून बाजूला ठेवावा तसं झालं, आणि ती गप्प झाली.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"हं, बोल आता," पदराला हात पुसत ताई आली आणि तिच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. "नळ धो धो चालू होता, पुढचं अक्षर ऐकू आलं नाही. 'आई गेली त्या दिवशीचं' म्हणालीस, पुढे काय?"

"आईचं?"

"अगं, आता तूच म्हणालीस ना? आई गेली त्या दिवशीचं काहीतरी."

कात्रीनं आठवून बघितलं. आई गेली तो दिवस तिला चांगला आठवत होता. दुपारभर ती इथेच काम करत होती, साधी शांत दुपार होती. रात्री शेजाऱ्यांचा फोन आला. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

"नाही आठवत गं. काही खास नसेल."

"आणि रडतेस कशाला मग?"

कात्रीनं गालाला हात लावला. गाल ओले होते, हनुवटीपर्यंत. "पायाला कळ आली असेल," ती म्हणाली. तिला दुसरं कारण सापडेना.

ताईचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"धाकटे," ती म्हणाली, "मी इकडे आहे. तिकडे कुणाकडे बघून बोलतेयस?"